आधी मण्याचं वेज बघ

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू विकत घ्यायला निघालेल्या जुन्या व्यापारी मण्यांचे, म्हणजे एकेकाळी मालाच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या मण्यांचे, फोटो मिळाले. मण्यांचे दोन सर, काही सुटे मणी, मूठभर कवड्या. सगळे फोटो मण्यांच्या पोटाचे आहेत, वेज, म्हणजे ओवायचं भोक, एकाचंही दिसत नाही. मण्याचं वय आणि जात कळते ती वेजावरून. रंगावर आणि नक्षीवर भाळलास की पैसे गेलेच म्हणून समज.

शहापूरच्या सराफ गल्लीत वापरतात तसलं दहापट दाखवणारं भिंग आण आणि मणी उन्हाकडे धर. काचेचा मणी असेल तर आतले बुडबुडे बघ. ते वेजाच्या दिशेने लांबट ओढलेले असतील तर मणी ओढलेल्या काचेच्या नळीचा तुकडा पाडून केलेला. बुडबुडे गोल असून वेजाभोवती फेर धरून असतील तर सळईवर वितळलेली काच गुंडाळून केलेला. वेजाच्या आत पांढरी पूड दिसली की विकणारा ‘शंभर वर्षांची माती’ म्हणून सांगतो. काच सळईला चिकटू नये म्हणून लावलेला तो मातीचा लेप असतो. आजच्या मण्यातही तो सापडतो, त्यावरून वय ठरत नाही.

वय कळतं झिजेवरून. वर्षानुवर्षं ओवलेले मणी एकमेकांना कडेला घासतात, म्हणून वेजाची कड गुळगुळीत होते, कधी किंचित खोलगट बसते. पोटावरचे ओरखडे बारीक आणि वाट्टेल त्या दिशेचे असतात. रेतीबरोबर पिंपात फिरवून जुना केलेला मणी सगळीकडे सारखाच मंद दिसतो. आम्लात बुडवलेला असेल तर वेजही आतून तितकंच पांढुरकं दिसतं, आणि दोऱ्याने झिजलेलं वेज असं कधीच होत नाही.

तुझ्या पहिल्या सरातले लाल मणी आतून पांढरे आहेत, त्यांना ‘व्हाइट हार्ट’ म्हणतात. व्हेनिसचा हा माल एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत आणि अमेरिकेत भरपूर गेला. त्याआधीच्या मण्यांचा गाभा हिरवट आणि वरचा लाल रंग विटकरी असे. पट्ट्यापट्ट्यांचे ते तीन मणी ‘शेव्हरॉन’ असावेत असं तुला वाटतं. खऱ्या शेव्हरॉनमध्ये काचेचे थर एकावर एक चढवून नळी ओढतात आणि तुकड्याची टोकं घासतात, तेव्हा आतली बारा टोकांची चांदणी उघडी पडते. सर्वांत जुन्यांत सात थर असतात, नंतरच्यांत सहा किंवा चार. चांदणीची टोकं फाकलेली, एकमेकांत मिसळलेली दिसली तर सोडून दे. आपल्या भागातल्या जुन्या ट्रंकेतून सात थरांचा निघेल अशी आशा धरू नकोस.

खरं तर मला तुझ्या दुसऱ्या सरातल्या तांबड्या अकीकाची उत्सुकता जास्त आहे. गुजरातेतल्या खंभातचा अकीक शतकानुशतकं समुद्रमार्गे आफ्रिकेत विनिमयाला गेला, म्हणजे हे मणी आपल्याच बाजूचे. दगड आधी भाजतात, तेव्हा आतल्या लोहामुळे रंग तांबडा होतो. हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने, म्हणजे हातगिरमिटाने, दोन्ही टोकांकडून वेज पाडत, म्हणून मध्यावर बारीक पायरी दिसते आणि भिंतीवर गोल रेघा. यंत्राने पाडलेलं वेज सरळ नळीसारखं असतं. आत बुडबुडा दिसला तर तो अकीक नव्हेच, काच आहे.

पिवळे मोठे मणी तृणमणी (अंबर, म्हणजे झाडाचा गोठून कडक झालेला चीक) म्हणून विकले असतील. पेलाभर, म्हणजे २५० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळव आणि मणी सोड. बुडाला तर बेकेलाइटसारखा कृत्रिम पदार्थ. तरंगला म्हणून लगेच खरा मानू नकोस, काही प्लास्टिकही तरंगतं. नंतर साध्या पाण्याने धू. पण बेकेलाइटचे मणीही आफ्रिकेच्या व्यापारात चालले आहेत. योग्य भावात मिळाले तर ठेवावेत.

कवड्या टाकू नकोस, त्या एकेकाळी नाण्यासारख्या चालत. बंगालात चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण आणि चार काहणांचा रुपया, म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या असा हिशेब होता. कवड्या यायच्या मालदीवहून. पाठीवर भोक पाडलेली कवडी ओवण्यासाठी केलेली, ती वेगळी ठेव. सौंदत्तीच्या वाटेवर कुणी यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणीच्या गळ्यातलं तांबड्या-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची माळ, विकायला आणलं तर मात्र हात लावू नकोस. देवाला मुली सोडण्याची चाल कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंद केली. ज्या बाईच्या गळ्यात ते बांधलं गेलं तिचं दुःख त्यात आहे, आपल्या डबीत ते ठेवायची वस्तू नव्हे.

धुताना चिंच, लिंबू, पितांबरी काही नको. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, साबणाचा एकच थेंब. काच गरम पाण्यात टाकलीस तर तडकेल. एखादा मणी पावसाळ्यात आपोआप चिकट होत असेल तर त्याच्या काचेतला क्षार बाहेर येतोय. तो बाकीच्यांपासून वेगळा काढ आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेव. आपल्याकडचे चार महिने अशा काचेला फार वाईट. ओवायला पाटवेकऱ्याकडून मेण लावलेला सुती दोरा घे आणि दर मण्यानंतर गाठ मारायला सांग. दोरा तुटला तरी एकच मणी पडेल. मधे पितळी मणी घालू देऊ नकोस, काचेला चरे पडतात.

आणि एक. शेतात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर पावसानंतर मणी वर आलेले दिसले तर उचलू नकोस. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती सापडली ती अशाच मातीत. जागेवरून हललेला मणी कोणत्या थरातला होता हे पुन्हा कधी कळत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. विकत घेतलेल्या प्रत्येक सराची पावती जपून ठेव.

आता त्या तीन पट्टेवाल्यांचे फोटो परत पाठव. मणी उभा धरून दोन्ही टोकं, शेजारी मोजपट्टी, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश नको. ते बघेपर्यंत विकणाऱ्याला इसार देऊ नकोस.

तुझाच मित्र