मंगावरचे सगळे सिनेमे एका माळेचे मणी नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मंगावरच्या (म्हणजे जपानी कॉमिक्सवरच्या) लाइव्ह-अ‍ॅक्शन सिनेमांवरचा लेख वाचला आणि खरं सांगतो, जरा चिडूनच लिहायला बसलोय. लेखकाने सुरुवात केली २००९ च्या 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'पासून, मधे 'घोस्ट इन द शेल'मधल्या जपानी पात्र गोऱ्या स्कार्लेट जोहान्सनला दिल्यावरून झालेला वाद घेतला, शेवटी नेटफ्लिक्सच्या २०१७ च्या 'डेथ नोट'वर आला आणि निष्कर्ष काय, तर खरी माणसं घेऊन मंगावर चांगला सिनेमा होऊच शकत नाही. अहो पण हे तिन्ही अमेरिकन सिनेमे! 'ड्रॅगनबॉल'ची बाजू तर मीही घेणार नाही, त्याच्या पटकथाकाराने स्वतःच २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितलीय, विषय संपला. पण तेवढ्या भांडवलावर जपानमध्ये इतकी वर्षं चाललेल्या कामाला एका फटक्यात निकालात काढायचं म्हणजे जरा अतीच झालं.

'रुरोनी केनशिन' घ्या, केनशिन नावाच्या तलवारबाजाची गोष्ट. २०१२ मध्ये पहिला आला, २०१४ मध्ये दोन, २०२१ मध्ये अजून दोन, दिग्दर्शक पाचही वेळा ओतोमो केइशीच. लेखात याचं नावसुद्धा नाही! मंगा वाचलेल्यांना माहितीये की केनशिन वार करताना त्या वाराचं नाव घेतो, कागदावर ते मस्त वाटतं कारण वाचणारा त्या पॅनेलवर, म्हणजे चित्राच्या चौकटीवर, थांबलेलाच असतो, त्याला हवा तेवढा वेळ तो तिथे थांबू शकतो. पडद्यावर मात्र हातघाईच्या मारामारीत माणूस थांबून नाव पुकारायला लागला की हसू येतं. म्हणून सिनेमात ते जवळजवळ काढूनच टाकलंय आणि त्याच्या जागी आणलाय वेग. अ‍ॅक्शन डायरेक्टर तानिगाकी केंजी हाँगकाँगमध्ये मारामारीच्या सिनेमांचा स्टार डॉनी येनबरोबर काम करून आलेला माणूस, त्याने केनशिनला पळायला लावलंय, अक्षरशः जमिनीला घासत, एकाच्या बगलेखालून निघून दुसऱ्याच्या पाठीमागे, आणि केनशिन झालेल्या सातो ताकेरूने त्यातलं बहुतेक स्वतः केलेलं असल्यामुळे कॅमेऱ्याला त्याचं तोंड लपवत बसावं लागत नाही. पॅनेलची हुबेहूब नक्कल कुठेच नाही तरी बघताना वाटतं, हाच तो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मंगात वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो, सिनेमात तो डायरेक्टरच्या हातात जातो, आणि ज्याला हे कळलं त्याचा सिनेमा जमतो, बाकीचे विग नीट बसलाय की नाही बघत बसतात.

'डेथ नोट'चंच बघा ना, मी २००६ च्या जपानी दोन सिनेमांबद्दल बोलतोय. ज्याचं नाव लिहाल तो मरतो अशी वही लाइटला सापडते आणि एल हा गुप्तहेर त्याच्या मागे लागतो, म्हणजे ही मंगा खरं तर दोन हुशार पोरं डोक्यातल्या डोक्यात एकमेकांना मात देतायत, पानंच्या पानं नुसते विचार, याचा सिनेमा करायचा म्हणजे डोकेदुखीच. पण मात्सुयामा केनइचीने एल उभा केला तो शरीराने! खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवा बसणं, फोन दोन बोटांत लोंबकळत धरणं, बोलता बोलता सतत काहीतरी गोड खात राहणं, समोर लाइट म्हणजे फुजिवारा तात्सुया एकदम सभ्य चेहऱ्याने बसलेला, की झालं, विचार न ऐकवताही कळतं कोण काय शिजवतोय. आणि शेवट? (ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी दोन ओळी गाळा.) एल वहीत आधीच स्वतःचं नाव लिहून ठेवतो, आणि आधी लिहिलेलंच खरं होतं म्हणून लाइट त्याला मारूच शकत नाही, मंगात असं काहीही नाहीये. मंगात एल मधेच मरतो आणि पुढे त्याच्या जागी निअर आणि मेलो ही नवी पात्रं येतात, सिनेमाने ती दोघं सरळ उडवली. तरी माझ्या ओळखीतले अर्धेअधिक चाहते सिनेमाचाच शेवट बरा म्हणतात, मीसुद्धा.

आता जे फसले ते का फसले तेही बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा आंधळा भक्त आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट', २०१७. मूळ मंगा २७ खंडांची, सिनेमा सव्वादोन तासांचा, शूटिंगला इटलीत गेले, सोनेरी केस केले, लाल कोट शिवला, पण प्रसंगामागून प्रसंग नुसते हजेरी लावून जातात. स्कारसारखं मोठं पात्र पहिल्या भागात नाहीच, त्याच्यासाठी २०२२ पर्यंत थांबा. गंमत म्हणजे ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो नायकाचा भाऊ आल्फोन्स, पूर्ण कॉम्प्युटरवर बनवलेलं रिकामं चिलखत, तोच त्यात सगळ्यात जिवंत वाटतो! आणि 'अटॅक ऑन टायटन', २०१५ चे दोन भाग, जपानच्या हाशिमा बेटावरच्या ओसाड इमारतींमध्ये शूटिंग, टायटन म्हणजे माणसं खाणारे राक्षस खरोखर किळसवाणे आणि भीतीदायक, पण गोष्ट पार बदललेली, चाहत्यांचा लाडका लीवाय गायब. चाहत्यांनी डायरेक्टरला धू धू धुतलं. आता यातली गोची अशी की पटकथा लिहिणाऱ्या माचियामांच्या सांगण्यानुसार बदल करा हा आग्रह मंगा काढणाऱ्या खुद्द इसायामांचाच होता. म्हणजे मूळ लेखकाला विचारलं की सगळं आपोआप सुधारतं असंही नाही, हे आम्हा चाहत्यांना पचायला जड जातं.

दुसरी एक गोष्ट जी लेखात पूर्ण निसटली ती म्हणजे मंगा म्हणजे फक्त तलवारी आणि राक्षस नव्हेत. २०१५ चा दिग्दर्शक कोरे-एदाचा 'अवर लिटल सिस्टर' किती जणांनी बघितलाय आणि त्यातल्या किती जणांना माहितीये की तो योशिदा अकिमीच्या मंगावरून केलाय? कामाकुरातल्या जुन्या घरात राहणाऱ्या तीन बहिणी वडिलांच्या अंत्यविधीला जातात आणि सावत्र बहिणीला घरी घेऊन येतात, एवढीच गोष्ट. त्यात धाकटी सुझू मित्राच्या सायकलवर मागे बसून चेरीच्या फुलांच्या बोगद्यातून जाते, मान मागे टाकून वर बघत, बोलणं जवळजवळ नाहीच, आणि आपण मंगाच्या एखाद्या पानावर जसे रेंगाळतो तसं ते दृश्य आपल्याला रेंगाळू देतं. या सिनेमाला जपान अकादमी या तिथल्या चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालंय. तसंच ते २००५ च्या 'ऑलवेज'लाही मिळालं होतं, टोकियो टॉवर बांधला जात असतानाचं १९५८ चं टोकियो दाखवणारा, तोही मंगावरूनच, आणि त्याचा डायरेक्टर यामाझाकी ताकाशी म्हणजे तोच ज्याला पुढे 'गॉडझिला मायनस वन'च्या व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्कर मिळालं. कोरियाचा 'ओल्डबॉय' तर जगभर नावाजला गेला, त्याचंही मूळ जपानी मंगाच, दिग्दर्शक पार्क चान-वूकने नायकाला डांबून ठेवण्यामागचं कारणच बदलून टाकलं आणि २००४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार घेऊन आला.

कास्टिंगबद्दल लेखकाशी मी थोडा सहमत आहे. जपानमध्ये प्रकाशक, टीव्ही चॅनेल, जाहिरात कंपनी, कलाकारांची एजन्सी असे सगळे मिळून पैसे घालतात, साहजिकच पोस्टरवर विकला जाईल असा चेहरा लागतो आणि मग भूमिकेला शोभो न शोभो, कुठलातरी पॉप ग्रुपवाला नायक होतो. पण केनशिनवाला सातो ताकेरूही 'कामेन रायडर' या सुपरहिरो मालिकेतून आलेला टीव्हीचा चेहराच होता, त्यामुळे इथेही सरसकट बोलण्यात अर्थ नाही.

खरा राग यायला हवा तो वेगळ्याच गोष्टीचा. २०१२ च्या 'थर्माए रोमाए' सिनेमाने ५५० कोटी येनहून जास्त धंदा केला आणि मंगा काढणाऱ्या यामाझाकी मारींना हक्कांचे मिळाले साधारण १० लाख येन, हे त्यांनीच टीव्हीवर सांगितलं होतं. दुसरं उदाहरण सिनेमाचं नाही पण मंगावरच्याच टीव्ही मालिकेचं, 'सेक्सी तानाका-सान'. मूळ गोष्टीशी प्रामाणिक राहा ही अट मंगा काढणाऱ्या आशिहारा हिनाकोंनी आधीच घातली होती, तरी पटकथेवरून इतकी ओढाताण झाली की शेवटचे दोन भाग त्यांना स्वतःला लिहावे लागले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या मृत्यूची बातमी आली. त्यानंतर चॅनेलने आणि प्रकाशकाने आपापले चौकशी अहवाल काढले. ते वाचलं की लेखकाला नेमकं कोण विचारतं, त्याचं म्हणणं डायरेक्टरपर्यंत किती हातांतून जातं आणि वाटेत त्याचं काय होतं, हे प्रश्न सुटता सुटत नाहीत. पुरवणीत पुढच्या वेळी या करारांवर कोणाकडून तरी नीट लिहून घ्या हो, विगवर हसायला आम्ही चाहते आहोतच.

आपला,
एक मंगावेडा वाचक