होमरनला षटकार म्हणू नका राव

संपादक साहेब,
नमस्कार.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, पण सकाळचा पहिला चहा अजून तुमच्याच पेपरबरोबर होतो, म्हणजे आता मोबाईलवर होतो, पण होतो. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. झालं असं की परवा खेळाच्या पानावर अगदी तळाला तीन ओळींची बातमी होती, की फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरने एका मॅचमध्ये चार षटकार मारले आणि याआधी जुलैमध्ये ऑकलंडच्या निक कुर्ट्झनेही तेच केलं होतं. बेसबॉलची बातमी छापलीत याचंच खरं तर कौतुक, मराठी पेपरात बेसबॉल वाचतो कोण. पण तीन ओळींत दोन चुका, आणि दोन्ही नेमक्या माझ्या दुखऱ्या नसेवर, म्हणून हा उपद्व्याप.

आधी षटकाराचं घेतो. चार षटकार म्हटलं की आपल्या माणसाला वाटणार, हात्तिच्या, चारच ना? युवराजने २००७ साली डर्बनला सहा बॉलात सहा मारले, त्यापुढे हे काय. मी पण इकडे आलो तेव्हा ऑफिसात हेच ऐकवायचो, छाती फुगवून. नंतर कळायला लागलं की आपण कशाची तुलना कशाशी करतोय. क्रिकेटमध्ये छक्का मारला की बॅट्समन तिथेच उभा असतो, हात गरम झालेला असतो, समोरचा बॉलर हादरलेला असतो, आणि ओव्हर संपली नसेल तर पुढचा बॉलही त्यालाच. इथे होमरन मारला, म्हणजे बॉल कुंपणापार घालवला, की चारही बेसला (मैदानाच्या कोपऱ्यांवरच्या खुणांना) पाय लावून यायचं, हेल्मेट काढायचं आणि डगआउटमध्ये, टीमच्या बाकावर, जाऊन बसायचं. आता बाकीचे आठ जण खेळून होईपर्यंत तुमचा नंबर नाही. रेशनच्या रांगेत नंबर आला, साखर घेतली, की परत शेपटाला जाऊन उभं राहायचं, तसं. मधे अर्धा पाऊण तास जातो, हात गार पडतात, आणि परत येता तेव्हा समोर बऱ्याचदा दुसराच पिचर, म्हणजे इथला बॉलर, असतो, त्याचा स्पीड वेगळा, त्याचा हात वेगळा. पूर्ण मॅचमध्ये एका बॅटरला सहसा चार-पाच वेळाच बॅट हातात मिळते. त्यात चार होमरन म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी, चुकायला जागाच नाही.

आणि एक गंमत सांगतो जी क्रिकेटमध्ये नाहीच. समोरच्या टीमला वाटलं की हा आज पेटलाय, तर ते त्याला खेळूच देत नाहीत. मॅनेजर नुसता हात करतो की याला फुकट फर्स्ट बेस देऊन टाका, आणि बॅटर बॅट ठेवून मुकाट चालायला लागतो. बॅरी बाँड्सला २००४ च्या सीझनमध्ये असं १२० वेळा मुद्दाम चालवलं होतं. त्याचे करिअरचे ७६२ होमरन आहेत, एका सीझनचे ७३, पण एका मॅचमध्ये चार कधीच नाहीत. बेब रूथचे ७१४, त्याचेही नाहीत. हँक आरनचे ७५५, नाहीत. आणि ज्याचे आहेत त्यात सिनसिनाटीचा स्कूटर जेनेट आहे, ज्याचे अख्ख्या करिअरचे होमरन ८७. म्हणजे ही गोष्ट मोठ्या नावाला विचारत नाही, तो दिवस ज्याचा त्याचा.

हिशोब एवढाच लक्षात ठेवा की इथल्या मोठ्या लीगमध्ये १८७६ पासून दोन लाखाहून जास्त मॅच झाल्या असतील आणि हे जमलेले लोक आजपर्यंत २१. पिचरचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर येऊ द्यायचं नाही, सलग २७ आउट, ज्याचं एवढं कौतुक असतं, तो सुद्धा २४ वेळा झालाय. आणि या २१ मधले तीन २०२५ च्या या एकाच सीझनमध्ये! आधी कधीच एका सीझनमध्ये तीन झाले नव्हते. म्हणून इकडची माणसं वेड्यासारखी बोलतायत, सुपरमार्केटच्या लायनीत अनोळखी माणसाने माझी टोपी बघून "ते बघितलंस का" विचारलं, कुठलं ते सांगायचीही गरज पडली नाही.

आता कुर्ट्झचं सांगतो कारण ते मी पहिल्या इनिंगपासून बघितलं. २५ जुलै, शुक्रवार, मॅच ह्यूस्टनला, आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले, बायको म्हणाली अहो भाजी चिरून द्या मग बसा, मी टीव्हीसमोरच कोथिंबीर घेऊन बसलो. पोरगा २२ वर्षांचा, एप्रिलमध्ये पहिली मॅच खेळलेला, डावखुरा, उंच, दिसायला अगदी कॉलेजातला. पहिल्या इनिंगला साधा सिंगल, म्हणजे एकच बेस. दुसऱ्या इनिंगला होमरन. चौथ्या इनिंगला त्याने मारलेला बॉल डावीकडच्या भिंतीच्या वरच्या अंगाला आपटला आणि परत मैदानात आला, डबल, म्हणजे दोन बेस, मिळाला, त्या वेळी कोणाला काय वाटणार, चांगला शॉट म्हणालो आणि सोडून दिलं. सहाव्याला दुसरा होमरन. आठव्याला तिसरा. तोपर्यंत कोथिंबीर तशीच होती, बायको पण सोफ्याच्या हातावर येऊन टेकलेली, तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण माझं तोंड बघून तिला कळलं असावं की काहीतरी चाललंय. नवव्या इनिंगला तो परत आला आणि चौथा. मी ओरडलो नाही. मी उभा राहिलो आणि काय करायचं ते न सुचून परत बसलो.

सहा वेळा बॅटिंग, सहा हिट, चार होमरन, एक डबल, एक सिंगल, आठ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर टीमला मिळालेल्या रन), स्वतः सहा वेळा होमला पोहोचला. इतिहासात चार होमरन मारणारा पहिला रूकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा खेळाडू. होमरनचे चार-चार, डबलचे दोन, सिंगलचा एक, सगळे मिळून १९ टोटल बेस झाले, हा रेकॉर्ड डॉजर्सच्या शॉन ग्रीनचा होता, २३ मे २००२, मिलवॉकीला, त्याचंही गणित हुबेहूब हेच, चार होमरन एक डबल एक सिंगल. म्हणजे तेवीस वर्षांनी बरोबरी झाली, रेकॉर्ड मोडला नाही. आणि तो चौथ्या इनिंगचा भिंतीवर आपटलेला बॉल अजून थोडा वर गेला असता तर पाच होमरन झाले असते, जे आजवर एकालाही जमलेलं नाही. आम्ही दोन दिवस त्या भिंतीवरच बोलत होतो.

लगेच नाक मुरडणारे पण निघाले. माझाच एक जुना दोस्त, शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा चाहता, त्याचा फोन, की चौथा होमरन कसला धरतोस, तो बॉल टाकणारा पिचर नव्हताच. हे खरंय. मॅच हाताबाहेर गेली की पिचरचे हात वाचवायला साधा फील्डर पिचिंगला उभा करतात, आठ किंवा जास्त रनांनी मागे असाल तर नियमात बसतं, आणि ह्यूस्टनने नवव्याला तेच केलं, कूपर हमेल म्हणजे आउटफिल्डवाला बॉल टाकत होता, अगदी सावकाश. दोस्ताचं म्हणणं की कंसात टाका हा रेकॉर्ड. मला पण दोन मिनिटं वाटलं की याच्यात पॉइंट आहे.

पण मग ऑगस्टमध्ये श्वार्बरचं झालं आणि उत्तर आपोआप मिळालं. २८ ऑगस्ट, फिलाडेल्फिया, समोर अटलांटा. त्याने चार मारले, नऊ आरबीआय, आणि चारही खऱ्या पिचरना. मॅच फिलाडेल्फियाने १९-४ ने जिंकली. आठव्या इनिंगला तो परत बॅटिंगला आला, पाचव्या होमरनसाठी, आख्खं स्टेडियम उभं, आणि समोर कोण तर फील्डरच, हळू हळू बॉल टाकतोय. श्वार्बरने काय केलं? वरच्यावर कॅच देऊन आउट. दीडशे किलोमीटरच्या स्पीडची सवय झालेल्या हाताला तो संथ बॉल येईपर्यंत थांबवत नाही, बॅट आधीच फिरलेली असते. गल्लीत लहान पोराने टाकलेल्या बॉलवर मोठा माणूस आउट होतो तसं. मी दोस्ताला फोन लावला, त्याने उचलला नाही.

आणि या तिघांमधला पहिला, अ‍ॅरिझोनाकडून तेव्हा खेळणारा युजेनिओ सुआरेझ, त्याला तर तुमच्या बातमीत जागाच नाही. २६ एप्रिल, फीनिक्स, त्याचा चौथा होमरन नवव्या इनिंगला आला आणि त्याच्यावर मॅच टाय झाली, म्हणजे सिनेमात असं दाखवलं तर आपण म्हणू जास्तच झालं. आणि पुढे? दहाव्या इनिंगला अटलांटाने एक रन काढली आणि अ‍ॅरिझोना ७-८ हरली. चार होमरन मारून हरलेले आजपर्यंत तिघेच, १८९६ साली एड डेलाहँटी, १९८६ साली बॉब हॉर्नर आणि हा. घरी जाऊन त्या माणसाने काय केलं असेल, हसला असेल की रडला असेल, मला अजून प्रश्न आहे.

तळाला तीन ओळी दिल्या म्हणून तुम्हाला एकट्याला दोष देत नाही. बेब रूथच्याच टीममधल्या लू गेरिगने ३ जून १९३२ ला चार मारले, फिलाडेल्फियात, पाचवा पण जवळजवळ गेलाच होता, अ‍ॅल सिमन्सने धावत जाऊन कॅच घेतला म्हणून राहिला. पण नेमकं त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी तीस वर्षांनी पद सोडलं आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या पेपरात मोठी बातमी त्यांची झाली. गेरिगचं नशीबच तसं, आयुष्यभर रूथच्या सावलीत आणि ज्या दिवशी रूथला जे कधी जमलं नाही ते केलं त्या दिवशी पण दुसऱ्याच कोणाची हेडलाइन. तर ही परंपरा जुनी आहे. गंमत म्हणजे त्या दिवशी समोरची टीम अ‍ॅथलेटिक्सच होती, तेव्हा ती फिलाडेल्फियात होती, आता ज्या टीममधून कुर्ट्झ खेळतो तीच.

इथून दुसरी चूक. "ऑकलंडच्या कुर्ट्झने." साहेब, ऑकलंडची टीम आता ऑकलंडची राहिली नाही हो. मालकाने २०२४ चा सीझन संपल्यावर टीम हलवली, सध्या ते वेस्ट सॅक्रामेंटोला, छोट्या लीगच्या मैदानावर पाहुण्यासारखे राहतात, लास व्हेगासला नवीन स्टेडियम होईपर्यंत. नावामागे शहरच लावत नाहीत, नुसतं अ‍ॅथलेटिक्स. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममध्ये, म्हणजे ऑकलंडच्या जुन्या स्टेडियममध्ये, शेवटची मॅच झाली, टेक्सासबरोबर, ३-२ ने आपण जिंकलो, ४६ हजारावर लोक होते, मॅच संपल्यावर कोणी जागचं हलेना, माझ्या पुढच्या रांगेतला टॅटूवाला दांडगा माणूस लहान मुलासारखा रडत होता. मुलगा म्हणाला बाबा चला, बार्टला (इथल्या लोकलला) गर्दी होईल. मी म्हटलं होऊ दे.

त्यानंतर मी ठरवलं होतं की ही टीम बघायची नाही. आख्खा एप्रिल पाळलं. मे मध्ये ढिला पडलो. जुलैत कोथिंबीर घेऊन बसलो होतोच. म्हणजे ज्या पोराने हा पराक्रम केला तो ऑकलंडच्या जर्सीत एकही मॅच खेळलेला नाही, आणि तरी आनंद झाला तो आम्हालाच, आता याला काय म्हणायचं. तुमच्या बातमीत "ऑकलंड" वाचलं तेव्हा आधी राग आला, मग वाटलं छापलंय तर राहू दे, पण चूक ती चूक. होमरनला होमरनच म्हणा, तो शब्द वाचकांना कळतो. आणि टीमचं नाव पुढच्या वेळी बघून घ्या.

एक सांगायचं राहिलं. कोलिझियमला सुरुवातीच्या दिवसांत शेजारच्या सीटवर एक म्हातारी बाई यायच्या, त्यांनी मला कागदावर स्कोअर लिहायला शिकवलं. प्रत्येक बॅटरची एक आडवी ओळ, प्रत्येक बॅटिंगला एक चौकोन, चौकोनात छोटा हिरा, जेवढे बेस गेला तेवढ्या बाजू रंगवायच्या, आणि माणूस फिरून घरी आला की हिरा आतून पूर्ण काळा करायचा. बहुतेक चौकोन रिकामे राहतात, चांगल्या दिवशी एखाद्याच्या ओळीत दोन काळे हिरे असतात. पहिली मॅच बघितली तेव्हापासूनची सवय, टीव्हीवर असली तरी मी लिहितो. २५ जुलैचा कागद आत्ता माझ्या टेबलावर आहे, कडेला कोथिंबिरीचा हिरवा डाग पडलाय, आणि कुर्ट्झच्या ओळीत सलग सहा काळे हिरे आहेत, शेवटच्यावर पेन्सिल एवढी दाबली गेली की कागद फाटलाय.

आपला,
एक जुना वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया