नाना, आजीचं चित्र पुन्हा सुरू केलंय

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

तुमचा चष्मा बदलायचा राहिलाय, म्हणून तुमच्या नातीला सांगितलंय, हे मोठ्याने वाचून दाखव. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फैजपूर-यावलकडे मोबाइलवर बघून एकट्याने तैलरंग शिकणारी मीच एकटी नसणार. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं.

भुसावळच्या हार्डवेअरच्या दुकानात मी टर्पेंटाइन मागत होते. मागून तुमचा आवाज आला, "कशाले लागस?" चित्राला, म्हटलं. दुसऱ्याच रविवारी तुम्ही एस.टी.ने घरी आलात. चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड आणि ट्रकवरची नावं रंगवलेला माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेलं आजीचं चित्र बघत होता. तिच्या गालावर भेगा पडल्या होत्या, मे महिन्यात काळ्या मातीला पडतात तशा. मला वाटत होतं, रंग हलक्या प्रतीचा निघाला.

तुम्ही एवढंच विचारलंत, तेल कधी घातलं? मी पहिल्याच थरात भरपूर घातलं होतं, चकाकी यावी म्हणून. वरचे थर मात्र टर्पेंटाइनने पातळ करून दिले होते. मग तुम्ही समजावलंत की तैलरंग कपड्यासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. खालचा तेलकट थर अजून हलत असतो आणि वरचा रुक्ष थर आधीच आवळून बसतो, मग तो फाटणारच. म्हणून आधी पातळ, कमी तेलाचं. वर येत जाऊ तसं तेल वाढवायचं. दोन वर्षं व्हिडिओ बघत होते, पण हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. घाण्यावरून आणलेल्या जवसाच्या तेलाची बाटली तुम्ही उचलून फळीवर ठेवलीत. चित्राला शुद्ध केलेलंच तेल आणायचं.

त्याच दिवशी तुम्ही माझी काळ्या रंगाची ट्यूब खिशात घातलीत. सावली आली की मी काळा मिसळायचे आणि आजीचा चेहरा काजळी धरल्यासारखा व्हायचा. बर्न्ट अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन निळा, या दोघांतून गडद रंग करायला लावलात. अंबर वाढवला की ऊबदार, निळा वाढवला की थंड. पुढचे दोन महिने फक्त रॉ अंबर आणि पांढरा. तांब्या, कांदा, खलबत्ता. डोळे किलकिले करून आधी उजेड-अंधाराचे तीनच भाग शोधायचे. मला फार कंटाळा आला होता, ते तुम्हाला दिसतही होतं, पण तुम्ही सूट दिली नाहीत. आज सांगते, माझा हात त्या दोन महिन्यांत सुधारला.

मग केळीच्या बागेत नेलंत. मी सगळी पानं हिरवी केली. तुम्ही तुमच्या पारोळ्याकडच्या अहिराणीत म्हणालात, "पान हिरवं शे, हाई तुले माहीत शे. आते कसं दिखी राहिनं ते सांग." बघितलं तर वरून आभाळ पडलेली पानं जवळजवळ निळी-करडी होती, आणि उन्हाकडे तोंड करून बघितलेली पिवळी पेटलेली. हिरवं असं फार थोडं होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐकावी. तेल पुसलेल्या चिंध्या मी चुरगाळून डब्यात टाकायचे. तुम्ही त्या दिवशी रागावलात, पहिल्यांदाच. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडचा उन्हाळा तर पंचेचाळीस अंशांचा. आता मी त्या पाण्यात भिजवते, नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळवते.

आणि भुसावळची ती कबर. आजीचं चित्र फाडून टाकते म्हणाले, तेव्हा तुम्ही काही न बोलता मला तिथे नेलंत. रॉबर्ट गिल. 1844 पासून या माणसाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती केल्या, वर्षानुवर्षं. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. 1879 मध्ये तो इथेच, भुसावळजवळ वारला. तुम्ही म्हणालात, "याचं तर जळालं. तुझ्याजवळ अजून आहे." घरी येऊन मी ते चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

नाना, गेल्या आठवड्यात नव्या कॅनव्हासला अस्तर दिलं. आजीचा पहिला थर कालच झाला, फक्त अंबर, टर्पेंटाइनने पातळ केलेला. पावसाळ्यात वाळायला वेळ लागेल, मी थांबेन. वार्निश पुढच्या वर्षी. त्याआधी एकदा या, भरीत आणि कळण्याची भाकरी करते. येताना काळी ट्यूब आणू नका, ती तुमच्याकडेच असू द्या.

तुमची,
फैजपूरची विद्यार्थिनी