जुन्या विलायती गाड्यांच्या सामानावर ड्युटी कमी करा

संपादक साहेब, नमस्कार. घरी आजोबांची मॉरिस मायनर आहे, कपाशीच्या गोदामात उभी. कार्बोरेटरची किट, ब्रेकचे रबर सारं इंग्लंडहून मागवा लागते, अन् राजेहो, कस्टम ड्युटी नुसत्या मालावर नाही लागत, भाडं अन् विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते, मग ड्युटीसकट त्याच्यावर पुन्हा जीएसटी, वरून पाउंड महाग! ब्रेक ड्रमसारखं जड सामान तर विचारूच नका. अँबेसिडर (मूळची मॉरिस ऑक्सफर्डच ना ती) निघायची तोवर मिस्त्री काहीतरी जुगाड करायचा, 2014 मध्ये तीही बंद. बुश लेथवर बनते, रबर कुठून बनवाचं? सरकारनं 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिली, मग त्यांच्या सामानाला सूट काहून नाही?

– एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती