टपावरचा संसार आधी काट्यावर चढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वतःच्याच गाडीत अंथरूण, शेगडी आणि तंबू घालून कोकणच्या किनाऱ्यापासून थेट स्पिती-लडाखपर्यंत भटकायला निघणारी कुटुंबे आता आपल्या तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागली आहेत. मी एस.टी.च्या कार्यशाळेत यांत्रिक म्हणून काम करून निवृत्त झालो असल्यामुळे ओळखीची मुले लांबच्या प्रवासाआधी गाडी माझ्याकडे दाखवायला आणतात. टपावर कोणता तंबू बसवला, दिवे किती वॅटचे आहेत, फ्रिज किती लिटरचा आहे, हे ती मोठ्या उत्साहाने सांगतात. मात्र माणसे आणि सामान धरून गाडीचे एकूण वजन किती झाले, या प्रश्नाचे उत्तर मला आजवर त्यांच्यापैकी एकानेही दिलेले नाही, आणि हे पत्र त्या एकाच प्रश्नासाठी आहे.

जूनमध्ये सहकुटुंब स्पितीला निघालेल्या पुतण्याची गाडी मी हट्टाने महामार्गालगतच्या खडी-वाळूच्या वजनकाट्यावर नेली. पावती करताना मालाच्या रकान्यात काय लिहू, असे काट्यावरच्या माणसाने विचारले, तेव्हा पुतण्या म्हणाला, "संसार लिहा." गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, तर त्या गाडीत ५०० किलो भार चालतो, आणि हा भार माणसांसकट असतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. चार माणसांचे २८० किलो, टपावरचा तंबू आणि त्याखालचे कॅरियर मिळून ९०, पिण्या-वापरण्याचे पाणी ४०, फ्रिज व त्यातले जिन्नस ३५, जादा बॅटरी ३०, दुसरी स्टेपनी २५, डिझेलचा भरलेला डबा २०, शेगडी, सिलिंडर व भांडी २५ आणि कपडे व अंथरूण ५५. बेरीज ६०० किलो झाली. म्हणजे कराडच्या हद्दीबाहेर पडण्याआधीच गाडी १०० किलोंनी जास्त भरली होती.

या १०० किलोंचा हिशेब सगळ्यात आधी ब्रेककडे मागितला जातो. घाट उतरताना वजन जितके जास्त, तितकी जास्त उष्णता ब्रेकना पचवावी लागते. पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलचा स्वभाव हवेतला ओलावा शोषण्याचा असतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पाय पेडलवर असूनही चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. काही वर्षांपूर्वी भरलेल्या गाडीने आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना माझेच पेडल मऊ होऊन खाली गेले होते. नशिबाने वेग कमी होता, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आवरता आली. निघण्यापूर्वी एका गॅरेजने ऑइलची पातळी पाहून "सगळे ठीक आहे" असे सांगितले होते. पातळी ठीकच होती, पण ऑइल चार वर्षांचे होते, आणि ते मी विचारले नाही, ही चूक माझी. त्या दिवसापासून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे आणि ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, हा नियम मी मोडलेला नाही.

टायरचे दुखणेही वजनाचेच आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचे दोन आकडे छापलेले असतात, त्यांतला पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा मागच्या चाकांसाठी बहुधा जास्त असतो. तो न पाहता रोजचीच हवा ठेवून राजस्थानच्या उन्हाळ्यात दिवसभर भरधाव जाणे म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण, कारण कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि त्या दबण्यानेच आतून तापत जातो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते कळते; २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, असे नियम सांगतो, पण नक्षी शाबूत असलेला जुना, कडक झालेला टायर मला जास्त घाबरवतो. स्टेपनीचे तर वर्ष कोणी पाहतच नाही.

तंबू ज्या टपावर बसतो त्याच्या मर्यादा दोन असतात, हेही विकणारे सहसा सांगत नाहीत. गाडी उभी असताना टप त्यात झोपलेल्या दोन माणसांचा भार सहज पेलतो. गाडी चालू असतानाची मर्यादा मात्र त्यापेक्षा कितीतरी कमी, पुष्कळ गाड्यांत ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत ती दिलेली असते. त्यात कॅरियरचे वजनही मोजायचे असते. उंचावरचे वजन घाटाच्या वळणावर गाडीला बाहेरच्या अंगाला ओढते, आणि त्यावर डिझेलचा डबा ठेवला की आगीची भीतीही डोक्यावर घेऊन फिरावे लागते. डबा कशाला, असे विचारले की सगळे हिमाचलातल्या तांडीच्या पंपावरच्या पाटीचा फोटो दाखवतात. लेहच्या वाटेवर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असे ती पाटी सांगते. पण ५० लिटरची टाकी भरलेली डिझेल गाडी लिटरला दहा किलोमीटर चालली, तरी ५०० किलोमीटर जाते, आणि स्पितीत तर काझा या तिथल्या मुख्य गावातच पंप आहे.

विजेच्या बाबतीत थोडक्यात एवढेच, की गाडी सुरू करणारी बॅटरी रात्रभर फ्रिज चालवण्यासाठी बनवलेली नसते, म्हणून दुसरी बॅटरी घ्यावी लागते. ती लिथियमची घेतली, तर वजन निम्म्याहून कमी होते, मात्र शून्य अंशाखालच्या थंडीत तशी बॅटरी चार्ज करणे तिला घातक असते. नव्या गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, मूळ बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवतो, तेव्हा नुसती वायर जोडून दुसरी बॅटरी भरत नाही, मधे वेगळा चार्जर लागतो. या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, कारण कंपनीची वायर कापून, चिकटपट्टी गुंडाळून दिलेला जोड रात्री तापतो, तेव्हा आत माणसे झोपलेली असतात. बंद गाडीत वा तंबूत ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवणे तर कोणीही करू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

आता शासनाकडे वळतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे योग्यच आहे. परंतु रात्री उघडून सकाळी मिटवता येणारा तंबू, खिडकीला बांधलेली छत्री, मागच्या आसनाच्या जागी ठेवलेली फळी आणि पक्के जोडलेले लोखंडी बंपर यांत फरक कोठे करायचा, हे सामान्य मालकाला सोप्या मराठीत कोणी सांगत नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या, यांसाठी पर्यटन धोरण आणले, पण त्याचा विचार प्रामुख्याने तयार कॅराव्हॅन आणि त्यांच्या तळांभोवती फिरतो. घरची गाडी घेऊन निघणाऱ्या कुटुंबासाठी परिवहन कार्यालयांनी एक पानाचे पत्रक काढावे, त्यात काय चालते, काय नोंदवून घ्यावे लागते आणि विमा कंपनीला काय कळवावे लागते, ते स्पष्ट असावे. टपाची चालत्या गाडीची मर्यादाही हवेच्या दाबाच्या चिठ्ठीशेजारीच, मराठीत, छापण्याचे बंधन घालावे, कारण पुस्तिका कप्प्यातून कोणी काढत नाही.

पुतण्याने शेवटी टपावरचा तंबू आणि कॅरियर उतरवून जमिनीवर लावायचा ८ किलोंचा तंबू घेतला, डिझेलचा डबा घरी ठेवला आणि पाणी निम्म्यावर आणले. भार ४७८ किलोंवर आला. १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायचे आणि सकाळी, टायर थंड असतानाच हवा मोजायची, एवढे मी त्याला बजावले होते, ते त्याने पाळले. परतल्यावर आम्ही एअर फिल्टर झाडला, पाण्याचे ओहोळ ओलांडलेले असल्याने मागच्या धुऱ्यातले ऑइल दुधाळ झाले आहे का ते पाहिले आणि ब्रेकची लायनर उघडून धूळ काढली. आता दिवाळीत तो गुहागरला जाणार आहे, म्हणजे परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा लागेल. काट्याचे आम्ही ५० रुपये दिले होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यांत्रिक, कराड