तो चहा, ती कॉफी, ते दूध

ब्रनो, चेक प्रजासत्ताक,
9 नोव्हेंबर

प्रिय विन्या,

तुझा व्हिसा झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. चेक भाषा शिकायला कुठून सुरुवात करू, असं विचारलं आहेस. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा निवांत बसून लिहितो.

एक आधी ऐक. चेक इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शिक. मी पहिले तीन महिने उलटं केलं. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून चालायचं. वस्तूंना लिंग असतं म्हटल्यावर शेजारची आयरिश मुलगी हैराण व्हायची आणि तिच्याबरोबर मीही. मग एका रात्री वहीत लिहिता लिहिता दिसलं: तेन चाय, ता काव्हा, तो म्लेको. अरे, तो चहा, ती कॉफी, ते दूध! तीन लिंगं आपल्या जिभेवर जन्मापासून आहेत. प्रत्येक शब्दाचं लिंग जुळेलच असं नाही, पाणी म्हणजे 'व्होदा' इथे स्त्रीलिंगी आहे. आणि त्यांचं 'तो' म्हणजे आपलं 'ते', एवढं घोटून घे. भूतकाळही ओळखीचा निघाला. मी 'बिल सेम' म्हणायचं, वहिनींनी 'बिला सेम'. मी होतो, मी होते.

विभक्त्या सात आहेत, पण त्या पाठ करत बसू नकोस. दुकानात जा. रोहलीक म्हणजे इथला लांबट पाव, रोज लागतो. दोन हवे असतील तर 'द्वा रोहलीकी', पण पाचापासून पुढे षष्ठी लागते, जणू 'पाच पावांचे'. मी बेकरीत 'प्येत रोहलीकी' मागितले. काउंटरमागच्या बाई पाव पिशवीत भरता भरता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, 'प्येत रोहलीकू.' मागे रांग होती, तरी मी पुन्हा नीट म्हणेपर्यंत त्या थांबल्या. तो प्रत्यय मी आता जन्मात विसरणार नाही.

लिफ्टमध्ये शिरताना, डॉक्टरांकडे बाहेर बसलेल्या लोकांत जाताना 'दोब्री देन' म्हणजे 'नमस्कार' म्हणायचं, ओळख असो-नसो. आणि 'प्रोसीम' हा एक शब्द पक्का कर. कृपया, हे घ्या, काय म्हणालात, आभार कसले, सगळ्याला तोच चालतो, फोन उचलतानाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. अरेतुरे करणं आणि अहोजाहो करणं याला इथेही स्वतंत्र क्रियापदं आहेत, 'तिकत' आणि 'विकत'. अनोळखी माणसाशी, मोठ्यांशी अहोजाहोच. अरेतुरेवर यायचं तर ते वडीलधाऱ्यांनी सुचवायचं, आपण नाही. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या आजी राहतात. शेजारीण म्हणजे 'सोउसेदका', पण हाक मारताना 'सोउसेदको' होतं, जसं आपल्या देवाचं 'देवा' होतं. वर्षभर मी 'दोब्री देन, पान्यी सोउसेदको', म्हणजे 'नमस्कार, शेजारीणबाई' म्हणत त्यांची पिशवी वर नेऊन देत होतो. गेल्या रविवारी दारात त्यांनी हात पुढे केला, आपलं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, आता आपण 'तिकत' करू या. विन्या, मला गलबलून आलं रे. घर सोडल्यापासून कुणी मोठ्या माणसाने मला असं जवळ केलं नव्हतं.

'र' आणि 'झ' एकदम म्हणायचा तो अवघड उच्चार आहे ना, त्याची आत्ता धास्ती घेऊ नकोस. 'तीन'साठीच्या चेक शब्दात तो येतो, पण तू 'त्रझी' म्हणालास तरी लोक समजून घेतात. आणि ब्रनोत ट्रामला 'शलिना' म्हणतात, प्राहात, म्हणजे प्रागमध्ये, नाही. स्टेशनबाहेर तोच शब्द वापर.

निघण्याआधी पन्नास नामं तेन-ता-तो लावून वहीत लिहून काढ आणि फोटो पाठव. मी तपासून देतो.

तुझाच,
सुहास