'रडवणारं नोको देऊ'

संपादक महोदय,

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीतलं सगळ्यात लहान ग्रंथालय सांभाळतो. चार लोखंडी कपाटं आणि एक पंखा, तोही लाइन असली तर. कादंबऱ्या लेखकाच्या नावानं लावलेल्या. पण नाव ठाऊक असलेला वाचक महिन्यातून एखादाच येतो. मागच्या वेचणीत कापसाची बोंडं लागून बोटं चिरलेल्या एक काकू आल्या. म्हणाल्या, "भाऊ, रडवणारं नोको देऊ, थे घरी लय हाये." दाखल रजिस्टरात अशा मागणीला रकाना नाही.

तेव्हापासून पुस्तकांच्या पाठीवर पतंगी कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. हसवणाऱ्याला पिवळी, शेतशिवाराला हिरवी, रात्री एकट्यानं वाचू नये अशाला लाल. रंग मी ठरवत नाही, पुस्तक परत करणाऱ्याला विचारतो. एकदा दोघांची चांगलीच जुंपली, एकाला जे विनोदी तेच दुसऱ्याला उदास. त्या पुस्तकाला दोन पट्ट्या आहेत, आणि सध्या तेच सगळ्यात जास्त फिरतं!

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं दुसरं सूत्र 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' असं आहे. पाठ सगळ्याच ग्रंथपालांना आहे.

आपल्याला एकच विनंती. पुस्तक परीक्षणाखाली एक ओळ छापा, हे कोणत्या मनःस्थितीत वाचावं. मी ती कापून कपाटाच्या दारावर लावीन.

– एक ग्रंथपाल, ता. दारव्हा, जि. यवतमाळ